अडलेला डाव: आपली पानं सगळ्यात शेवटी पाहायची

तुम्ही विचारलेला पोकरचा डाव आधी थोडक्यात मांडून घेतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावरूनच बोलता येईल.

नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, बेटीला वरची मर्यादा नाही), टेबलावर सहा जण, ब्लाइंड (दोघांनी पानं बघण्याआधीच घालायचे चिप्स) १ आणि २, तुमच्यासमोर आणि प्रतिस्पर्ध्यासमोर प्रत्येकी २०० चिप्स. तुम्ही कटऑफला, म्हणजे बटनाच्या (पानं वाटणाऱ्याच्या जागेच्या) उजव्या हाताला बसलेले. हातात बदामचा एक्का आणि चौकटची राणी. तुम्ही रेज करून बेट ६ वर नेलीत, बिग ब्लाइंडनं (ज्यानं आधी २ घातले होते त्यानं) कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले, बाकीचे गेले. पॉट, म्हणजे मधली जमा, १३. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं, आला इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री. त्याचा चेक (काही न घालता पुढे), तुमचे ६, त्याचा कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, किलवरची छक्की. त्याचा चेक, तुमचे १८, पुन्हा कॉल. पॉट ६१. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, इस्पिकची दुर्री पडली आणि दोन्ही वेळा चेक करून गप्प बसलेल्या या गृहस्थानं स्वतःहून ४५ पुढे सरकवले. तुम्ही दोन मिनिटं डोकं खाजवून पानं टाकलीत. त्यानं हसत हसत बदामची दश्शी आणि किलवरची नव्वी उघडी करून दाखवली. निव्वळ थाप.

तुम्ही विचारलंय की फोल्ड, म्हणजे पानं टाकणं, चुकलं का, आणि असे अडलेले डाव सोडवायचे तरी कसे. पहिल्याचं उत्तर लगेच देतो. चुकलं नाही. त्यानं काय दाखवलं याचा तुमच्या निर्णयाच्या बरेवाईटपणाशी संबंध नाही, कारण निर्णय घेताना ती माहिती तुमच्याकडे नव्हती. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

तुमच्या प्रश्नाची सुरुवात अशी आहे: "माझ्याकडे टॉप पेअर, टॉप किकर होता." म्हणजे टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी, आणि सोबतचं पान एक्का. गडबड इथेच सुरू होते. अडलेल्या डावात बहुतेक जण आपल्या पानांपासून सुरुवात करतात, कारण टेबलावर आपल्याला दिसणारी आणि आपली वाटणारी तेवढीच गोष्ट असते. मग ती पानं किती सुंदर आहेत, त्यांच्यात आपण आतापर्यंत किती घातलंय, ती टाकताना किती वाईट वाटेल, असा विचार सुरू होतो. मी बरीच वर्षं असाच खेळलो. आता उलट्या क्रमानं जातो. आधी भाव बघायचा, मग समोरचा इथवर कोणत्या रस्त्यानं आला ते, मग त्या रस्त्यानं किती आणि कोणती पानं येऊ शकतात ते. माझ्या हातात काय आहे हे सगळ्यात शेवटी.

भावाचा हिशेब सोपा आहे. ४५ घालायचे, जिंकलात तर पॉटमधले ६१ आणि त्याचे ४५ असे १०६ मिळणार. तुमचे ४५ धरून एकूण १५१. पंचेचाळीस भागिले एकशे एक्कावन्न, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. दहातल्या तीन वेळा तुम्ही पुढे असाल तर कॉल बरोबरीत सुटतो. ही गणितं टेबलावर करत बसायची गरज नाही, चारपाच आकडे पाठ असले की पुरे: पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची बेट आली तर २० टक्के लागतात, अर्ध्या पॉटला २५, दोनतृतीयांशला साधारण २९, पूर्ण पॉटला ३३, आणि कोणी पॉटच्या दुप्पट मारले तरी फक्त ४०. हा शेवटचा आकडा लोकांना खरा वाटत नाही. बेट सहापट झाली, लागणारी टक्केवारी फक्त दुप्पट. मोठ्या बेटीला माणूस दचकतो तो चिप्सचा ढीग बघून.

आता रस्ता. बहुतेक खेळाडू रिव्हरला पोचतात आणि तिथून मागे बघत गोष्ट रचतात: "इस्पिक आलं, म्हणजे त्याच्याकडे इस्पिक आहे." किंवा उलट, "हा नेहमी थापा मारतो, म्हणजे आताही थापच." दोन्ही गोष्टी एका पानावर उभ्या आहेत. खरं तर डाव पुढच्या दिशेनं चालतो. सुरुवातीला त्याच्याकडे पुष्कळ काही असू शकतं आणि प्रत्येक वळणावर त्यातलं काहीतरी गळत जातं. एकदा गळालेली पानं रिव्हरला परत येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

तुमच्या माणसाचंच घ्या. फ्लॉपआधी त्यानं नुसता कॉल केला. मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा बहुतेक जण तिथे पुन्हा रेज करतात, त्यामुळे ते गेले. फ्लॉपवर दोन इस्पिकं पडलेली असताना त्यानं पुन्हा नुसता कॉल केला. अठ्ठ्यांचा किंवा तिर्र्यांचा सेट (तीन सारखी पानं) असता, राणी-अठ्ठी अशा दोन जोड्या असत्या, तर ड्रॉवाल्यांकडून, म्हणजे फ्लश (एका रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) व्हायला एखादं पान कमी असलेल्यांकडून, किंमत वसूल करायला बरेच जण तिथेच रेज करतात. सगळे नाही, पण बरेच. म्हणजे तेही विरळ झाले. टर्नला १८ आले तेव्हा गुलाम-दश्शी आणि गुलाम-नव्वीवाले, ज्यांना स्ट्रेटसाठी फक्त मधलं एक पान लागत होतं, त्यांना निघून जायला हवं. ४६ न दिसलेल्या पानांत त्यांची चार पानं, नऊ टक्केसुद्धा नाहीत, आणि भाव मागतोय साडेएकोणतीस. दश्शी-नव्वीची गोष्ट थोडी निराळी. छक्की आल्यावर तिला गुलामही चालतो आणि सत्तीही, म्हणजे आठ पानं, १७ टक्के. तोही कॉल महागच, पण माणसं करतात. आपण सगळ्यांनी केलाय.

राहिलं काय? राणीच्या जोड्या, अठ्ठीच्या जोड्या, मधल्या एकदोन जोड्या, इस्पिकचे फ्लश ड्रॉ आणि दश्शी-नव्वी. आता रिव्हरला इस्पिकची दुर्री पडली आणि यातला कोण उठून ४५ मारेल ते बघा. राजा-राणीवाला? त्याच्या पोटात गोळा आलेला असतो, तो चेक करतो. अठ्ठीवाला? त्याला फुकटात पानं उघडायची आहेत. जोडी हातात असताना तिचा ब्लफ करणारे खेळाडू असतात, पण ते अशा टेबलावर क्वचित भेटतात. मग ४५ मारणारे दोनच: फ्लश लागलेले आणि हातात काहीच नसलेले.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. "एकतर फ्लश किंवा थाप" म्हणून मान डोलावतात आणि मनातल्या मनात नाणं उडवतात. पण दोन शक्यता आहेत म्हणून त्या निम्म्यानिम्म्या होत नाहीत. मोजावं लागतं.

कोणतीही दोन वेगळी पानं, समजा एक्का आणि राजा, १६ प्रकारांनी हातात येऊ शकतात. त्यातले चार एकाच रंगाचे, बारा वेगळ्या रंगांचे. जोडी सहा प्रकारांनी येते. एवढ्या भांडवलावर सगळी मोजणी चालते. इस्पिकची राणी, अठ्ठी आणि दुर्री टेबलावर आहेत, ती वजा करून इस्पिकच्या कोणत्या दोन पानांनी तो बिग ब्लाइंडमधून कॉल करेल? एक्क्याबरोबर गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी, चौकी, तिर्री, असे आठ. राजाबरोबर गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी, सहा. मग खालचे: गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, गुलाम-सत्ती, दश्शी-नव्वी, दश्शी-सत्ती, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की, सत्ती-पंजी, छक्की-पंजी, छक्की-चौकी, पंजी-चौकी. अकरा. एकूण २५ कॉम्बो, म्हणजे दोन पानांचे २५ प्रकार. यातल्या काही जोरदार ड्रॉनी फ्लॉपवरच रेज केलं असतं, म्हणून पाच सोडून देऊ. वीस फ्लश.

वीस फ्लशांसमोर कॉल बरोबरीत सुटायला किती थापा हव्यात? त्याच्या बेटीला पॉट अधिक बेट यांनी भागायचं: ४५ भागिले १०६, म्हणजे ०.४२. विसाला साडेआठ. आता थापा शोधायला बसा. साधारण खेळाडू बिग ब्लाइंडमधून एकाच रंगाची दश्शी-नव्वी खेळेल. इस्पिकची सोडली, कारण तिचा फ्लश झाला, की उरतात तीन कॉम्बो. तीन. हवेत साडेआठ, सापडतात तीन, आणि त्या तिन्हीत तो दर वेळी थाप मारेलच असंही नाही.

माझी मोजणी ढिली आहे असं वाटत असेल तर आणखी ढिली करून बघा. समजा अर्धे फ्लशवाले चेक करून रेजचा सापळा लावतात आणि बेट मारणारे दहाच उरतात. तरी सव्वाचार थापा लागतात. तीन तरीही कमीच. मोजणी नेमकी असावी लागत नाही. अंदाज दोन्ही बाजूंनी ताणूनही उत्तर तेच येत असेल तर ते पक्कं समजायचं.

आणि आता, सगळ्यात शेवटी, आपली पानं. बदामचा एक्का, चौकटची राणी. या रिव्हरवर या हाताची किंमत काय? फ्लशला हरतो, थापेला जिंकतो. राणी-नव्वीसुद्धा नेमकं तेवढंच करते. ज्या किकरचा तुम्हाला अभिमान होता तो इथे शोभेचा आहे, कारण समोरचा कुठल्याही राणीनं ही बेट मारत नाहीये. तुमचा एक्का कोणाला हरवणार?

याउलट समजा तुमच्या हातात एक्क्याऐवजी इस्पिकचा राजा असता. किकर हलका, पण तो राजा तुमच्याकडे आहे म्हणजे त्याच्याकडे नाही, आणि राजाचे सहाही फ्लश एका झटक्यात गेले. इस्पिकचा एक्का असता तर आठ गेले असते: पंचवीसचे सतरा, आणि लागणाऱ्या थापा साडेदहावरून सातवर. त्यालाच ब्लॉकर म्हणतात. म्हणजे या जागी एक्का-राणीपेक्षा "कमी" असलेली राजा-राणी कॉल करायला जास्त चांगली, जर राजा इस्पिकचा असेल तर. स्वतःच्या पानांपासून सुरुवात करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. मात्र ब्लॉकर म्हणजे चिमूटभर मीठ. तो अटीतटीच्या निर्णयाला कलता करतो, तिनाचे नऊ करत नाही. हल्ली लोक हा शब्द शिकतात आणि हातात एक इस्पिक दिसलं की कॉल करत सुटतात.

याच धर्तीचा एक गाजलेला डाव आहे. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा, ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघेच उरलेले, ख्रिस मनीमेकर आणि सॅम फार्हा. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, मग इस्पिकची अठ्ठी, शेवटी बदामची तिर्री. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती: फ्लशही हुकला, स्ट्रेटही हुकला. रिव्हरला त्यानं सगळे चिप्स पुढे ढकलले. फार्हाकडे बदामची नव्वी, म्हणजे टॉप पेअर, आणि जोडीला इस्पिकची राणी. त्यानं खूप विचार केला आणि पानं टाकली. मनीमेकर पुढे स्पर्धा जिंकला, त्यामुळे हा डाव "धाडसी थाप" म्हणून सांगितला जातो. मला त्यात जास्त रस वाटतो तो फार्हाच्या राणीत. ती त्याच्या हातात असल्यानं समोरच्याचे बरेच फ्लश कमी होत होते. टॉप पेअरच्या ज्या हातांनी तिथे कॉल करावा त्यांत त्याचा हात वरच्या रांगेतला होता. पण विश्वविजेतेपद समोर असताना खुर्चीत बसून हे दिसणं आणि मी इथे निवांत लिहिणं यात फरक आहे, हेही कबूल करतो.

आता दुसरी बाजू. सगळेच अडलेले डाव असे मोजून एका बाजूला पडत नाहीत. काही खरोखरच काठावरचे असतात, आणि झोप उडवतात ते तेच. एक्का-राजाचं उदाहरण घ्या, वेगवेगळ्या रंगांचा. तुमचे ६, बटनाचे २०, तुमचे ४५, त्यानं सगळे २०० लावले. ब्लाइंड दोघेही गेले. तुम्हाला आणखी १५५ घालायचे आहेत, पॉटमध्ये आहेत २४८. लागतात साडेअडतीस टक्के. समजा तो राण्यांपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्यांनीच हे करतो. तुमच्या हातात एक एक्का आणि एक राजा असल्यानं त्याच्याकडे एक्क्यांची जोडी सहाऐवजी तीनच प्रकारांनी येऊ शकते, राजांचीही तीनच. राण्यांची सहा. एक्का-राजा नऊ. एक्क्यांसमोर तुमची शक्यता जेमतेम सात टक्के, राजांसमोर तीस, राण्यांसमोर त्रेचाळीस, एक्का-राजासमोर निम्मी. सगळं मिळून सुमारे ३९.

लागतात साडेअडतीस, आहेत एकोणचाळीस. चारशेच्या वरचा पॉट, हातपाय थरथरतायत, आणि कॉल की फोल्ड यातला सरासरी फरक दोन चिप्सचा. एका बिग ब्लाइंडएवढा! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आधी हायसं वाटलं आणि मग रागच आला, कारण असल्या डावांवर मी कितीतरी रात्री जाळल्या होत्या. निर्णय जितका जास्त छळतो तितका दोन्ही बाजूंमधला फरक सहसा कमी असतो. फरक मोठा असता तर तुम्ही छळले गेलाच नसता. माझ्या वहीतले तोटे नंतर तपासले तेव्हा कळलं की मोठी गळती या नाट्यमय जागांची नव्हतीच. ती होती स्मॉल ब्लाइंडमधून सवयीनं केलेल्या कॉलची, रिव्हरला किंमत न मागता केलेल्या चेकची. कंटाळवाणी ठिकाणं. त्यांच्याबद्दल सल्ला कोणी विचारत नाही.

संगणकांनीही हेच दाखवून दिलं. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला लिब्राटस हा प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवस खेळला, १,२०,००० डाव, एकास एक नो-लिमिट होल्डेम, आणि चौघांनाही मागे टाकून गेला. असे प्रोग्राम काठावरच्या जागी एकच एक चाल पकडून बसत नाहीत. त्याच पानांनी कधी कॉल, कधी फोल्ड, ठरावीक प्रमाणात. दोन्ही चालींची किंमत सारखी आली की समोरच्याला अंदाज लागू नये म्हणून मिसळत राहायचं. तेव्हा खरोखर काठावरच्या डावात "बरोबर काय होतं" हा प्रश्नच उरत नाही. तिथे एकच गोष्ट काटा हलवते: हा माणूस सरासरीपेक्षा जास्त थापा मारतो की कमी. वरच्या उदाहरणात समोरचा फक्त एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीनंच सगळे लावणारा असेल तर तुमचे ३९ टक्के घसरून साधारण १९ होतात आणि फोल्ड डोळे मिटून. तो गुलामांच्या आणि दश्शांच्या जोडीनंही लावणारा असेल तर काटा थोडा कॉलकडे झुकतो.

गुलामांच्या जोडीबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, "या पानांचं करायचं काय?" तिचं दुखणं वेगळं आहे. तिथे फ्लॉपवर निदान एक तरी मोठं पान, राणी, राजा किंवा एक्का, येण्याची शक्यता ५७ टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा ही सुरेख जोडी मधल्या दर्जाची होऊन बसते, आणि मधल्या दर्जाच्या हातांनीच माणूस सगळ्यात वाईट खेळतो. चांगला हात स्वतःच खेळतो, वाईट हात टाकला जातो. मधल्याला मात्र बेट मारावी तर हलके सगळे पळतात आणि भारी सगळे थांबतात. राजा, सत्ती, दुर्री अशा फ्लॉपवर गुलामांनी मोठी बेट मारून बघा कोण कॉल करतं: राजावाले. काय मिळवलं? अशा ठिकाणी पॉट लहान ठेवायचा. एक छोटी बेट किंवा सरळ चेक. चेक केल्यानं समोरच्याला थाप मारायला जागा मिळते, आणि तुमचा हात नेमका थापा पकडण्याच्याच लायकीचा आहे. उलट अठ्ठी, पंजी, तिर्री असा फ्लॉप आला तर गप्प बसू नका. पुढच्याच पानावर मोठं चित्र किंवा एक्का येण्याची शक्यता चारात एक आहे, आणि हातात राजा-दश्शी घेऊन बसलेल्याला ते पान फुकट दाखवायचं काही कारण नाही.

बेट मारण्याआधी स्वतःला विचारायचं की हिला माझ्याहून हलका कोण कॉल करेल, किंवा माझ्याहून भारी कोण पळेल. दोन्हींचं उत्तर "कोणी नाही" आलं आणि फुकट पान नाकारायचंही काही कारण नसेल, तर हात चिप्सकडे जातोय तो निव्वळ अस्वस्थतेनं. "माहितीसाठी बेट मारली" असं जे म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं. माहिती मिळते, पण ती विकत घेऊन झाल्यावर खर्चायला पैसे उरत नाहीत.

हे सगळं रोख टेबलाचं. स्पर्धेत, विशेषतः बक्षिसाच्या रेषेजवळ, गमावलेला चिप मिळवलेल्या चिपापेक्षा महाग असतो. म्हणून तिथे ३० टक्के लागतात असा हिशेब निघाला तर प्रत्यक्षात त्याहून जास्तच हवेत. नेमके किती ते कोणाकडे किती चिप्स उरलेत यावर ठरतं. तो वेगळा विषय आहे, इथे शिरत नाही.

आणि दोन मिनिटांत पंचवीस कॉम्बो कोण मोजणार, असं तुम्ही म्हणाल. टेबलावर कोणीच मोजत नाही. घरी मोजायचे. ज्या डावानं छळलं तो पानांसह, आकड्यांसह लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वरच्यासारखा उलगडायचा. शेवटी समोरच्यानं काय दाखवलं ते मात्र लिहायचं नाही, निदान मोजणी होईपर्यंत. ते माहीत असलं की हिशेब आपोआप त्याच्याकडे झुकतो. तीस-चाळीस डाव असे उलगडले की टेबलावर आकडे आठवावे लागत नाहीत. "फ्लश पुष्कळ, थापा कुठून आणणार?" एवढंच जाणवतं, आणि तेवढं पुरतं.

आता पुन्हा तुमच्या माणसाकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते त्यानं अगदी शब्दशः केलंय. तुम्ही त्याच्या हसण्याकडे बघत बसलात, पण पानं कोणती होती? बदामची दश्शी, किलवरची नव्वी. वेगळ्या रंगांची. म्हणजे हा गृहस्थ बिग ब्लाइंडमधून दोन रंगांची दश्शी-नव्वी खेळतो, टर्नला महागडा कॉल करून बसतो आणि फ्लशचं पान पडलं की स्वतःहून उठून थाप मारतो. आपण त्याच्या खात्यात दश्शी-नव्वीचे तीन कॉम्बो धरले होते. आता इस्पिकची जोडगोळी सोडून सोळातले पंधरा धरावे लागतील. साडेआठ हवे होते. त्यानं दहातल्या सहा वेळा जरी अशी थाप मारली तरी नऊ झाले.

तेव्हा त्या रात्रीचं फोल्ड बरोबर होतं. पुढच्या वेळी तोच माणूस, तोच रिव्हर, तेच ४५ समोर आले, तर याच एक्का-राणीनं कॉल करा. आणि तुमच्या हातात दश्शी किंवा नव्वी असेल, म्हणजे राणी-दश्शी, राणी-नव्वी वगैरे, तर पुन्हा थांबा: त्याच्या थापांतला चौथा हिस्सा तुम्हीच अडवून बसलेले असाल.